कंपनी बदलताना पेन्शनचे पैसे काढताय? थांबा, या चुका टाळा

आमच्या गल्लीत एक काका आहेत, मोल्डिंगचं काम केलेले. आधी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला 6 वर्षं, मग इकडे बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत 8 वर्षं. मधे नोकरी सोडली तेव्हा कोणीतरी सांगितलं, फॉर्म भरा, पीएफसोबत त्याला जोडलेल्या पेन्शनचे (ईपीएस) पण पैसे मिळतात. त्यांनी फॉर्म 10सी भरला, पैसे आले, घराच्या पत्र्याला गेले. आता 58 झाले आणि पेन्शनसाठी गेले तर 8च वर्षं दिसायलीत, आणि पेन्शनला 10 वर्षं लागतात. ती 6 जोडलेली असती तर 14 झाली असती की.

हिशोब सोपा आहे बघा. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार, जास्तीत जास्त 15,000 धरतात, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पूर्ण 15,000 वर 14 वर्षांचे महिन्याला 3,000 होतात. सप्टेंबर 2014 आधीच्या नोकरीला 6,500 ची जुनी मर्यादा लागते म्हणून त्यांना थोडं कमी आलं असतं, पण जन्मभर आलं असतं, आणि त्यांच्यामागे काकूंना पण विधवा पेन्शन मिळाली असती. फार वाईट वाटतं.

आपल्याकडे अजून एक समज आहे, महाराष्ट्रातलं खातं वेगळं आणि कर्नाटकातलं वेगळं. तसं नाही, पीएफ केंद्राचा आहे, कागल असो की बेळगाव, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवायचा. नवीन कंपनीने दुसरा काढून दिला तर लगेच सांगा आणि जुनं खातं ट्रान्सफर करा. ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या कॉलमला शून्य दिसतं, तेव्हा घाबरून जाऊ नका, तिथं पैसे नाही तर नोकरीची वर्षं पुढे जातात, ती पीएफच्या वेबसाइटवर सर्व्हिस हिस्टरीत बघायची. लगेच दुसरी नोकरी नसेल आणि 10 वर्षं पण झाली नसतील तर त्याच 10सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा, वर्षं जपून राहतात.

नावाचा घोळ तर घरोघरी. आधारवर कन्नड पद्धतीचं स्पेलिंग, जाधवच्या शेवटी एक ए जास्तीचा, शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीचं, वडिलांचं नाव कुठं आहे कुठं नाही. हे कंपनी चालू आहे तोवर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनी दोघांचा मिळून अर्ज, देऊन दुरुस्त करून घ्या, कंपनी बंद पडली की सहीसाठी कुणाला शोधत फिरणार? कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख पण टाकलीय का ते तेव्हाच बघा.

कारखानदारांनी पण एक बघावं. कामगार 58 चा झाला की मालकाच्या वाट्यातले पगाराचे 8.33 टक्के पेन्शनमधे टाकायचे नाहीत, मालकाचा पूर्ण वाटा पीएफमधे जायला पाहिजे. ऑफिसात हे लक्षात राहत नाही आणि नंतर क्लेम अडकतो.

50 नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापतात आणि ती कपात कायमची. अगदीच नड असेल तरच घ्या.

आणि हयातीचा दाखला. या पेन्शनला नोव्हेंबरच पाहिजे असं काही नाही, कुठल्याही महिन्यात द्या, तिथून 12 महिने चालतो. बोटांचे ठसे उठत नसतील, फाउंड्रीतल्या माणसांचे बऱ्याचदा उठत नाहीत, तर मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतो.