‘नमुना ३० चा झाला की सगळं नॉर्मल’: केंद्रीय सीमा प्रमेयातल्या या चुका टाळा

केंद्रीय सीमा प्रमेय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं: ‘नमुना मोठा असेल तर वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) होतं.’ पण वितरण कुणाचं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. एकाच गणितात तीन वितरणं असतात. एक समष्टीचं (ज्यातून नमुना काढतो त्या संपूर्ण समूहाचं), दुसरं आपल्या हाती आलेल्या एका नमुन्याचं आणि तिसरं त्याच आकाराच्या सगळ्या संभाव्य नमुन्यांच्या सरासऱ्यांचं. प्रमेय बोलतं ते फक्त तिसऱ्याबद्दल: नमुन्याचा आकार वाढला की ते नॉर्मलच्या जवळ जातं. पुढच्या बऱ्याचशा चुका या तिघांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

मोठ्या नमुन्याचा आलेख नॉर्मल दिसेल, ही अपेक्षा

कुटुंबांच्या उत्पन्नाचा आलेख उजवीकडे लांबच लांब शेपूट असलेला असतो. ५० कुटुंबांऐवजी ५,००० कुटुंबं घेतली तर ती शेपूट जात नाही, उलट अधिक ठळक दिसते. नमुना वाढला की तो समष्टीसारखा दिसायला लागतो, आणि समष्टीच कललेली असेल तर नमुनाही कललेलाच येणार. त्यामुळे आलेख पाहून ‘इथे प्रमेय लागू पडलं नाही’ असं लिहू नका.

वर्गमुळानं भागायचं की नाही?

परीक्षेत सर्वात जास्त मार्क इथेच जातात. समजा, दुधाच्या पिशव्यांमध्ये सरासरी ५०३ मिलिलिटर दूध भरलं जातं आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसरटपणाचं माप) ६ मिलिलिटर आहे. ३६ पिशव्यांची सरासरी ५०० पेक्षा कमी येण्याची शक्यता किती? प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासऱ्यांच्या वितरणाचं प्रमाण विचलन, ६ भागिले √३६, म्हणजे १. झेड (५०० हे ५०३ पासून किती प्रमाण त्रुटी दूर आहे तो आकडा) उणे ३, शक्यता ०.००१३. ज्यानं वर्गमुळानं भागलंच नाही त्याचा झेड येतो उणे ०.५ आणि शक्यता ०.३०८५. हजारात एखाद्या वेळी घडणारी गोष्ट त्याच्या उत्तरात दहापैकी तीनदा घडते.

उलटी चूकही तितकीच होते. प्रश्न ‘एक पिशवी ५०० पेक्षा कमी भरण्याची शक्यता किती’ असा असतो आणि विद्यार्थी सवयीनं √३६ नं भागून मोकळा होतो. एका पिशवीच्या प्रश्नात प्रमेयाचा संबंधच नाही. तिथे ०.३०८५ हे उत्तरही समष्टी स्वतः नॉर्मल आहे असं दिलेलं असेल तरच चालतं. म्हणून आकडेमोडीआधी प्रश्नातल्या ‘सरासरी’ आणि ‘एक’ या शब्दांखाली रेघ ओढा.

‘नमुन्यांची संख्या’ आणि ‘नमुन्याचा आकार’

संगणकावर प्रयोग करताना हा घोळ हमखास होतो. कललेल्या समष्टीतून २-२ निरीक्षणांचे १,००० नमुने काढले, सरासऱ्यांचा आलेख काढला, तो वाकडाच आला. मग १,००० चे १०,००० करून पाहतात, तरी वाकडाच! साहजिक आहे. नमुने जास्त वेळा काढल्यानं आलेखाच्या कडा गुळगुळीत होतात, त्याचं मूळ रूप बदलत नाही. रूप बदलायचं तर प्रत्येक नमुन्यात २ ऐवजी २०, ५० निरीक्षणं घ्यावी लागतात. घातांकी वितरण हे असंच उजवीकडे लांब शेपूट असलेलं वितरण. त्याचा कल (एका बाजूला झुकण्याचं माप) २ असतो, आणि सरासरीच्या वितरणाचा कल २ भागिले नमुन्याच्या आकाराचं वर्गमूळ. म्हणजे आकार २ असताना सुमारे १.४, ५० असताना ०.२८. नमुने किती वेळा काढले, हा आकडा या सूत्रात कुठेच नाही.

३० चा आकडा

हा कुठून तरी चिकटलेला ढोबळ नियम आहे, प्रमेयात असा कोणताही आकडा नाही. समष्टी जवळजवळ सममित असेल तर १० देखील पुरतात. उलट बाजू पाहा: एखाद्या मालात १ टक्का नग सदोष आहेत आणि तुम्ही १०० नग तपासले. शंभर म्हणजे तीसच्या तिपटीहून जास्त. तरीही एकही सदोष नग न सापडण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. तिनातल्या एकाहून जास्त नमुन्यांत प्रमाण शून्य येणार, त्यावरून काढलेली प्रमाण त्रुटीही शून्य, आणि विश्वास-अंतर (खरं प्रमाण ज्या दोन आकड्यांमध्ये असावं असा अंदाज) शून्य ते शून्य. प्रमाणांच्या गणितात म्हणूनच आकार गुणिले प्रमाण किती येतं ते बघतात. इथे ते फक्त १ आहे, म्हणजे फारच कमी.

‘नमुना तीसपेक्षा कमी असेल तर (झेडऐवजी टी-वितरण वापरणारी) टी-चाचणी लावा, झालं’ हाही त्याच जातकुळीतला सल्ला. विल्यम गॉसेटनं १९०८ साली टी-वितरण मांडलं ते समष्टी नॉर्मल आहे पण तिचं प्रमाण विचलन माहीत नाही, अशा परिस्थितीसाठी. लहान नमुन्यातला कल टी दुरुस्त करत नाही.

कॉशी वितरण या खूप जाड शेपट्यांच्या वितरणात तर हजार निरीक्षणांची सरासरीही एका निरीक्षणाइतकीच बेभरवशाची असते, कारण प्रमेयाला सांत (अनंत नसलेलं) प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, लागतं आणि तिथे ते नाही.

मोठा नमुना म्हणजे खरा नमुना?

१९३६ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं आधी जनमत चाचणी घेतली आणि त्यांच्याकडे सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या. सूत्रानं काढली तर प्रमाण त्रुटी ०.०३ टक्क्यांच्या आसपास येते. त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन यांना ५७ टक्के मतं मिळतील असं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतलेले, म्हणजे त्या मंदीच्या काळात खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे. शिवाय उत्तर पाठवणारे आपणहून पाठवणारे. वर्गमूळ फक्त यादृच्छिक चढउतार कमी करतं, एकाच दिशेला झुकलेली निवड सरळ करत नाही.

स्वतंत्रतेचंही तसंच. एकाच शेतातले दहा वाफे म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्यांचं पाणी एक, माती एक. √१० नं भागलं तर त्रुटी उगाच लहान दिसते.

छोट्या समष्टीत दुरुस्ती विसरणं

६० जणांच्या वर्गातून परत न टाकता (एकदा निवडलेला पुन्हा येणार नाही अशा रीतीनं) ४० जण निवडले, तर नेहमीच्या प्रमाण त्रुटीला २० (६० उणे ४०) भागिले ५९ (६० उणे १) च्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे ०.५८ नं गुणावं लागतं. न गुणल्यास त्रुटी जवळपास पावणेदोन पट फुगते. सूत्र लक्षात राहत नसेल तर साठही जण घेऊन पाहा: अंश शून्य होतो, त्रुटीही शून्य, आणि तसंच व्हायला हवं, कारण आता अंदाज करायला कुणी उरलेलंच नाही.