आईला घेऊन वेरूळ-अजिंठ्याला निघालात? या चुका टाळा

अजिंठ्याच्या पायऱ्या चढताना आईच्या चपलेत तीनदा खडा गेला. दोनदा मी थांबले, तिचा हात धरला, तिनं चप्पल झटकली आणि आम्ही पुढे निघालो. तिसऱ्यांदा चप्पल मी स्वतःच हातात घेऊन उलटी केली. आत काही नव्हतं. आईला धाप लागली होती आणि तिला ते सांगायचं नव्हतं.

आई ७८ वर्षांची. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. त्या सहलीत झालेल्या बहुतेक चुका मी घरी बसून, वही-पेन घेऊन, मोठ्या हौसेनं करून ठेवल्या होत्या.

‘जाता जाता’ची यादी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण ३० किलोमीटर. दौलताबाद वाटेतच लागतं, खुलताबादचा भद्रा मारुती वाटेत, घृष्णेश्वर तर लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर. झालं, एका दिवसात चार ठिकाणं लिहून मी मोकळी. नकाशावर सगळं ‘जाता जाता’ असतं. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, चालायचं, चपला काढायच्या, रांग लावायची, पुन्हा गाडीत चढायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालण्यापेक्षा ही चढउतारच जास्त दमवते. दौलताबादचा किल्ला तर वर जायचं तर शेकडो पायऱ्यांचा, मधे ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. तो सरळ वगळा. खालून तटबंदी बघून चहा प्या.

आता माझा हिशेब साधा आहे. दिवसाला एक मोठी गोष्ट, तीही सकाळी. जेवणानंतर पलंग. संध्याकाळी अंगात जीव असला तर बीबी का मकबरा किंवा पाणचक्की, नसला तर खोलीवर पत्ते.

पहाटेची गाडी

मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली की दिवस वाचतो, असं मला वाटलं. ती पहाटे अंधारात उतरवते आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी बाराला. आई स्वागतकक्षातल्या सोफ्यावर शाल पांघरून तासन्‌तास बसली होती. रात्रीच्याच गाडीनं जायचं असेल तर आदल्या रात्रीचंही भाडं भरून खोली ताब्यात ठेवा, नाहीतर सकाळी निघून दुपारी पोचवणारी तपोवन एक्स्प्रेस घ्या.

तिकिटातही घोळ केला. चौघांचं एकत्र काढलं. रेल्वेचा खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी असतो, तोही एका तिकिटावर एकटं किंवा याच अटीत बसणारे दोघंच असतील तर. मी ५१ ची. आमचं दोघींचं तिकीट वेगळं काढलं असतं तर आम्हाला त्यातून मागता आलं असतं. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे, म्हणून आईचा एसटीनं जायचा हट्ट होता. जवळच्या अंतराला ठीक आहे. पण अजिंठा शंभर किलोमीटर, आणि मधेच उतरायची गरज पडली तर बस थांबवणार कोण? तिथे स्वतःची गाडीच हवी. गाडी ठरवताना तिची पायरी किती उंच आहे तेही बघा. आमची गाडी ऐसपैस होती, पण आईला चढताना दोघांनी धरावं लागे. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून प्लॅस्टिकचा छोटा स्टूल आणला. सगळ्या सहलीत त्याच्याइतका वसूल झालेला खर्च दुसरा नाही.

“लिफ्ट आहे का?” एवढंच विचारणं

हॉटेलात लिफ्ट होती. पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत नऊ पायऱ्या होत्या, कठडा नसलेल्या. फोनवर विचारायचं ते असं: गाडीतून उतरल्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? कमोड आहे का? न्हाणीत बसायला स्टूल मिळेल का? फरशी गुळगुळीत आहे का? रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. परक्या खोलीत झोपेतून उठलेल्या माणसाला भिंत कुठल्या बाजूला आहे तेही पटकन कळत नाही.

वार न बघणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी दोन्हीकडे झुंबड. बुधवारी पोचून शनिवारी निघणं सोयीचं. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो खरा, पण दगड निसरडा होतो.

वेरूळला ३४ लेणी आहेत म्हणून एक नंबरपासून सुरुवात करू नका. सोळावं, म्हणजे कैलास, प्रवेशद्वारासमोरच आहे. ताज्या पायांनी थेट तिथे जा. खालच्या अंगणात हत्ती आणि स्तंभ बघत तासभर सहज जातो, आणि वरून खाली खोदत आणलेलं हे देऊळ खालून मान वर करूनच जास्त अंगावर येतं. वरच्या मजल्याच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, तो मोह सोडा. जैन लेणी, ३० ते ३४, लांब आहेत. तिकडे बॅटरीवरची गाडी जाते.

अजिंठ्याला आपली गाडी चारेक किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते. पुढे तिथल्या बसनं जायचं आणि मग तो चढ. डोली मिळते. दर आधी ठरवा, जाऊन-येऊन ठरवा, वर किती वेळ थांबणार तेही बोलून घ्या. खरी अडचण वेगळीच. आई म्हणाली, “मला काय तिरडीवर न्यायचंय?” समजावून उपयोग झाला नाही. तेवढ्यात काळा चष्मा लावलेल्या, तिच्याच वयाच्या एक आजी डोलीतून ऐटीत वर गेल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बरं, विचार किती घेतात.”

वर गेल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात निवांत वेळ द्या, चित्रं तिथे भरपूर आहेत. उन्हातून आत शिरल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना अंधार सरायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आई आधी म्हणाली, “काहीच दिसत नाही गं.” भिंतीशी पाच-सात मिनिटं नुसती उभी राहिली, मग पद्मपाणी बोधिसत्त्वाचा मुकुट दिसला, मग भुवया, मग हातातलं कमळ. सगळी लेणी पालथी घालायची गरज नाही. तब्येत साथ देत असेल तर २६ नंबरचा निजलेला बुद्ध बघून परता.

चक्कर आली तर आधी पाण्याचा हिशेब

परतताना आईला गरगरलं. मला वाटलं ऊन. मग लक्षात आलं की सकाळपासून तिनं दोन घोट पाणी प्यायलं होतं, कारण वाटेत ‘जावं लागलं’ तर पंचाईत. बहुतेक म्हाताऱ्या बायका प्रवासात हेच करतात आणि विचारलं तर “प्यायले की” म्हणतात. बाटली तुमच्याकडे ठेवा, किती उरलं ते बघा. चालकाला निघतानाच सांगा की दर तास-दीड तासानं स्वच्छ सोय असलेल्या ठिकाणी थांबायचं, तिनं मागितलं नाही तरी. लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका. राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे पर्समध्ये हवेतच. मराठवाड्यातलं तिखट आपल्याला आवडतं, आईसाठी मी मेतकूट नेलं होतं. गरम भात तर कुठेही मिळतो.

आणि तिची भाषा शिकून घ्या. “तुम्ही या जाऊन, मी बसते इथं” हे आई पहिल्या दिवशी म्हणाली तेव्हा ती दमली होती. तिसऱ्या दिवशी मकबऱ्याच्या बागेत तेच म्हणाली, तर तिला खरंच बसायचं होतं. शेजारच्या बाईशी लोणच्याच्या गप्पा रंगल्या होत्या.

सगळ्यात मोठी चूक शेवटी कळली. पैठण मी यादीत तळाला, ‘वेळ उरल्यास’ म्हणून लिहिलं होतं. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, रस्ता सपाट. एकनाथांच्या वाड्यात आई शांत बसून राहिली. मग हातमागावर पैठणी विणताना बघायला गेलो, तिथे ती माझ्या आधी आत. काठ नारळी का, मोर विणायला किती दिवस, धागा तुटला तर काय, असे तिचे प्रश्न संपेनात. विणणाऱ्या ताईंनी तिला जवळ बसवून घेतलं. तासाभरानं मी म्हटलं, निघू या का?

“थांब जरा,” आई म्हणाली, “चपलेत खडा गेलाय.” चपला दाराबाहेर होत्या.