बहिरेपण घरातून आलंय का, हे कसं शोधायचं

"आमच्या दोन्ही घरांत कुणीच बहिरं नाही, मग हे आनुवंशिक कसं असेल?" गोंधळ नेमका इथेच होतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांमध्ये कारण जीन्समध्ये, म्हणजे जनुकांमध्ये असतं, आणि त्यातल्या बहुतेकांचे आईबाबा व्यवस्थित ऐकणारे असतात. दोघांकडे एकाच जीनची एकेक बिघडलेली कॉपी असते, स्वतःला काहीच त्रास नसतो, पण बाळाकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या की झालं. दर गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के, पहिल्याला आहे म्हणून पुढचे सुटले असं अजिबात नाही. आणि प्लीज, यात आईला दोष देऊ नका, कॉपी दोघांकडून आलेली असते.

जीन्सच्या टेस्टच्या आधी कागद-पेन घ्या. तीन पिढ्या काढा, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्यांना ऐकू कमी येतं तो आकार काळा करा. प्रत्येकाबद्दल विचारा की कितव्या वर्षी सुरू झालं, एक कान की दोन्ही, हळूहळू वाढलं का, मेंदूज्वर झाला होता का, नात्यातलं लग्न होतं का. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराच, लहानपणीच गेलेल्या भावंडांबद्दल फक्त त्यांनाच माहीत असतं.

आता कागद बघा. प्रत्येक पिढीत काळा आकार असेल तर एकच बिघडलेली कॉपी पुरत असावी, मग मुलाला यायची शक्यता ५० टक्के. फक्त भावंडांत दिसलं तर वरचा २५ टक्केवाला प्रकार.

आईकडूनच उतरत असेल, आणि जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर कुणाचं ऐकणं गेलं असेल, तर ते ठळक लिहून ठेवा. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा देणारा, आईकडूनच येणारा भाग, त्यातल्या एका बदलामुळे असं होतं, आणि हा बदल असलेल्यांना ही औषधं शक्यतो टाळतात, म्हणून आईकडच्या सगळ्या नातेवाइकांना आणि प्रत्येक डॉक्टरला हे सांगायचं.

कानापलीकडेही बघा. कपाळावर जन्मापासून पांढरी बट, अंधारात ठेचकाळणं, गळ्याला गाठ, लघवीत रक्त, यातलं काहीही असलं तर सांगा. मूल घाबरल्यावर किंवा पळताना बेशुद्ध पडत असेल तर मात्र थांबू नका, ईसीजी लगेच काढा, कारण जर्वेल-लांगे-नील्सन सिंड्रोम या आनुवंशिक आजारात बहिरेपणासोबत हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवावर बेतू शकतं.

मग हा कागद घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. जीजेबी२ (GJB2) हे जीन लक्षात ठेवा, सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी एक, १९९७ साली त्याचा बहिरेपणाशी संबंध कळला. यातून बनणारं कनेक्सिन २६ हे प्रोटीन कानाच्या आतल्या शंखात पेशींना जोडणारी बारीक दारं बनवतं. बिघाड शंखात असतो, ऐकण्याची नस सहसा चांगली असते, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचा) फायदा अशा मुलांना छान होतो. हल्ली एकाच सॅम्पलमध्ये शंभराच्या वर जीन्स बघणारं पॅनल मिळतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आनुवंशिक नाहीच असं समजू नका, सगळी जीन्स अजून माहीत नाहीत.

रिपोर्टला काही आठवडे लागतात, तोवर कानाचं मशीन लावायचं थांबवू नका.