मॅटर्निटी लीव्हवर असताना राजीनामा देताय? या चुका टाळा

एचआरमध्ये बसणाऱ्याला बाळंतपणाच्या रजेतला राजीनामा वेळेवरूनच ओळखू येतो. रात्री अडीचचा ईमेल, चार ओळी, आणि ‘आजपासून कामावर येणार नाही’. नोकरी सोडायची तर खुशाल सोडा, तो तुमचा निर्णय. पण अर्धवट झोपेत, मोबाइलवर एका हाताने टाइप करून सोडू नका.

रजेच्या मधलीच तारीख टाकणं

ही चूक बघून बघून मी कंटाळले आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ आठवडे झाले आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसेच आहेत. मग स्वतःहून ते अर्ध्यावर का सोडायचे?

आमच्या अकाउंट्समधल्या एका मुलीची बारा आठवडे रजा बाकी होती. सासूबाई म्हणाल्या, ‘आता कशाला नोकरी’, आणि हिने साहेबांना व्हॉट्सॲप टाकलं: ‘सर, मला जमणार नाही, आजच मोकळं करा.’ साहेबांनी मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलला, वरून मंजुरी आली, त्याच तारखेला नाव कमी झालं. पुढचा पगार थांबला. तो मागायला भांडता आलं असतं कदाचित, पण मांडीवर बाळ घेऊन कोण भांडणार? त्याच महिन्यात बाळाला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या काउंटरवर तिने कंपनीच्या विम्याचं कार्ड दिलं, तर कॅशलेस नामंजूर. ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि तिच्याबरोबर बाळाचंही संरक्षण जातं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं आम्हीच, पण तोवर फाइल बंद झाली होती.

माझी पद्धत सांगते. कॅलेंडर घ्या, रजेचा शेवटचा दिवस पेनाने गोल करा आणि नोकरीचा शेवटचा दिवस त्याच्या अलीकडे येऊ देऊ नका. नोटीस पिरियड रजेत मोजला जातो की रजेनंतर सुरू होतो, ते नेमणूक पत्रात बघा. तिथे नसेल तर ईमेलवर विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवरचं ‘हो हो, ॲडजस्ट करू’ फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या वेळी कुणालाच आठवत नाही. विम्याचं मात्र थांबू नका, ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज नोकरी चालू असतानाच करा.

ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेत) असाल तर रजेचे पैसे कंपनी नाही, महामंडळ देतं. आधी त्यांच्या शाखेत विचारा.

‘तूच राजीनामा दे, रेकॉर्ड चांगलं राहील’ याला भुलणं

कंपनीतून असा गोड फोन आला की सावध व्हा. या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे, म्हणून तर त्यांना तुमची सही हवी असते. फोनवर हो म्हणू नका. ‘कृपया हेच ईमेलवर कळवा’ एवढं एक वाक्य पाठवा. बहुतेक वेळा पुढे ईमेल येतच नाही. काढून टाकल्याचं पत्र आलंच तर ६० दिवसांच्या आत दाद मागता येते, तेव्हा रडण्यात दोन महिने घालवू नका.

‘परत रुजू झाले नाही तर रजेचा पगार परत करेन’ असं लिहून घेणारेही भेटतात. कायद्यात अशी वसुली नाही आणि कायद्यापेक्षा कमी देणारा करार टिकत नाही. नोटीस अपुरी पडली म्हणून त्या दिवसांचे पैसे कापले जाऊ शकतात, ती गोष्ट वेगळी.

बाकीच्या, पटापट

रजा चालू असताना दुसरीकडे रुजू होऊ नका. तेवढ्या काळाचा लाभ जातो, आणि पीएफच्या खात्यात दोन्ही नोकऱ्या एकाच महिन्यात दिसतात.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात आणि रजेचे २६ आठवडे सलग नोकरीतच धरले जातात. साडेचार वर्षं झालेली असताना पत्र टाकणाऱ्यांना मी परत पाठवते, मोजून या म्हणून.

पाळणाघर, घरून काम याबद्दल न विचारताच सोडून जाणं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर द्यावंच लागतं.

नेटवरचं तयार पत्र तसंच चिकटवणं. एकीने दुसऱ्याच कंपनीचं नाव ठेवून पाठवलं होतं. तीन ओळी स्वतः लिहा. कारण सांगायची गरज नाही, तारीख मात्र स्पष्ट हवी.

पगारपत्रकं आणि फॉर्म सोळा आधी स्वतःच्या मेलवर घ्या, ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. लॅपटॉप कुरिअरने परत पाठवत असाल तर चार्जरसकट बॉक्सचा फोटो काढा आणि पावती जपून ठेवा. चार्जर मिळाला नाही म्हणून हिशेब अडकल्याची प्रकरणं आमच्याकडे दर वर्षी असतात.