कोकणात चालण्याजोगी वस्ती हवी असेल तर या चुका टाळा

चिपळूण घ्या, रत्नागिरी घ्या, कुडाळ घ्या. गाव हायवेच्या कडेने लांबत चाललंय आणि दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागतेय. खरं तर आपली वाडी मुळात पायी चालणाऱ्यांचीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाखाडी बुजवणं. दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट नव्या प्लॉटच्या कंपाउंडमध्ये गडप होते. पाच मिनिटांवरची शाळा मग रस्त्याच्या वळशाने वीस मिनिटांवर जाते आणि पोराला सोडायला स्कूटर लागते. लेआउट आखण्याआधी गाव नकाशा काढा आणि वाडीतल्या जुन्या माणसाला घेऊन जागा पायी फिरा. कागदावर नसलेल्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ‘बोलून बघू’ म्हणत पावसाळा काढलात की मुदतही हातची जाते.

गटारावरच्या लाद्यांना फूटपाथ म्हणणं ही दुसरी चूक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या पादचारी सोयींबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी. विजेचा खांब, टपरी, विजेची डीपी पेटी यांची जागा त्यात धरायची नाही. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं सरळ रस्त्यावरूनच चालतात. आणि कृपा करून गुळगुळीत टाइल बसवू नका! आपल्याकडच्या पावसात त्यावर शेवाळ धरणारच. खडबडीत फरशी, पाणी निघून जाईल एवढा उतार, आणि खराट्याने घासायचं काम कुणाचं, हे मे महिन्यातच ठरलेलं हवं.

नुसत्या बंगल्यांच्या लेआउटला एकच गेट ठेवू नका. मागच्या बाजूने एसटी थांब्याकडे पायवाट सोडा, कोपऱ्यावर किराणा आणि पिठाच्या गिरणीला जागा ठेवा. रुंदीकरणात सावलीची झाडं गेली की एप्रिलमध्ये कुणी चालत नाही, हेही आधीच धरा.

हायवेपलीकडे स्वस्तात प्लॉट मिळतोय? सही करण्याआधी एकदा अंधार पडल्यावर, हातात बाजाराची पिशवी घेऊन तो रस्ता ओलांडून बघा. ओलांडायला धड जागा नसेल, तर त्या प्लॉटच्या किमतीत एक गाडीही धरा.