ग्रँड कॅनियनच्या काचेच्या स्कायवॉकचा बेत

ठाण्यातून मुलांना भेटायला अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांनी बेत आखताना आधी हे लक्षात घ्यावे की, ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीच्या कड्यावर मार्च २००७ मध्ये खुला झालेला काचेच्या तळाचा स्कायवॉक ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानात नसून हुआलापाई या मूलनिवासी समाजाच्या भूमीवर, ग्रँड कॅनियन वेस्ट येथे आहे. उद्यानाचा पास तेथे चालत नाही, आणि उद्यानाच्या प्रसिद्ध दक्षिण कड्यावरून तेथे पोहोचायला मोटारीने सुमारे चार तास लागतात. म्हणून मुक्काम लास वेगासला ठेवावा. तेथून अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. हिवाळ्यात ॲरिझोनाचे घड्याळ वेगासच्या एक तास पुढे असते.

आपल्या रेल्वे स्थानकांबाहेरील स्कायवॉकशी याचे साम्य नावापुरतेच आहे. हा नालाकृती मार्ग कड्यापासून सुमारे २१ मीटर बाहेर झेपावतो, आणि काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून पादत्राणांवर आवरणे चढवावी लागतात. उंचीची धास्ती असणाऱ्या ज्येष्ठांना आग्रह करू नये. माझ्या मते अधिक वेळ ग्रँड कॅनियन वेस्टमधीलच ग्वानो पॉइंट या ठिकाणाला द्यावा, कारण तेथून कोलोरॅडो नदी आणि दरीचा विस्तार मोकळेपणी दिसतो. उन्हाळ्यात टोपी आणि भरपूर पाणी जवळ ठेवावे.