रिमोट सपोर्टसाठी फुकटचं सॉफ्टवेअर: आधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, पण गिऱ्हाईक लांबलांब पसरलंय. मार्केट यार्डातले गुळाचे अडते, हुपरीचे चांदीवाले, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं ऑफिस, गडहिंग्लजचे टॅक्स कन्सल्टंट. प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय एवढ्यासाठी गडहिंग्लजला गाडी काढणं कुणालाच परवडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी होतं. रिमोटशिवाय, म्हणजे दुकानात बसून इंटरनेटवरून गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर चालवल्याशिवाय, आमचा धंदा चालत नाही. या कामात नव्यानं आलेली पोरं मला एकच विचारतात, "दादा, फुकटातलं चांगलं कुठलं?"

पहिल्यांदा बघायचं, ते फुकट कुणासाठी आहे. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर फुकट आहेत ते वैयक्तिक वापरासाठी. मावशीच्या लॅपटॉपवर फोटो शोधून दिलेत तर चालतं. पण दुरुस्तीचे दोनशे रुपये घेतलेत की तो धंदा झाला आणि त्याला पैसे भरून लायसन्स लागतं. टीमव्ह्यूअरला धंद्याचा वापर वाटला की सेशनच्या वेळेवर बंधन येतं. २० तारखेच्या आदल्या रात्री जीएसटीचं रिटर्न भरताना जोडणी तुटली, तर गिऱ्हाईक तुम्हालाच धरणार. ही दोन्ही सॉफ्टवेअर चांगली आहेत. वापरायची तर रीतसर विकत घ्या.

एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मी विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरतो. विंडोज १० आणि ११ वर ते चालतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकदम दाबली की उघडतं. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त आपल्याला लागतं, समोरच्याला लागत नाही. आपण कोड सांगायचा, त्यांनी तो टाकायचा आणि परवानगी द्यायची. कोड दहा मिनिटांतच संपतो, म्हणून आधी काकांना चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसवा, मगच कोड काढा. एक अडचण येते: काही इन्स्टॉल करताना विंडोज परवानगी विचारतं, तेव्हा आपल्याकडचा पडदा काळा होतो. ते 'होय'चं बटण तिकडच्या माणसालाच दाबावं लागतं. त्यामुळे फोन चालू ठेवा आणि हे घडणार आहे ते त्यांना आधीच सांगा, नाहीतर ती माणसं घाबरून सगळंच बंद करतात.

महिन्याच्या बोलीवर असलेल्या गिऱ्हाइकांसाठी माझी पसंती रस्टडेस्कला आहे. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना खुला आहे, आणि त्याचं मूळ ॲप धंद्यासाठीही फुकट वापरता येतं. फाइल पाठवता येते, पासवर्ड ठेवून समोर कुणी नसतानाही जोडता येतं. सगळ्यात मोलाचं म्हणजे सर्व्हर, म्हणजे दोघांना जोडून देणारा मधला कॉम्प्युटर, स्वतःचा ठेवता येतो. सर्व्हरचे दोन भाग असतात. एचबीबीएस दोन्ही कॉम्प्युटरची गाठ घालून देतो आणि थेट जोडणी जमली नाही तर एचबीबीआर मधून डेटा वाहतो. पोर्ट म्हणजे डेटा आत-बाहेर जायची दारं, आणि टीसीपी, यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती. टीसीपीचे २१११५ ते २१११७ आणि यूडीपीचा २१११६ एवढे पोर्ट उघडावे लागतात. घरच्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, तिथं पोर्ट उघडून उपयोग होत नाही. त्यापेक्षा भाड्यानं लहानसा लिनक्स सर्व्हर घ्या. मग सर्व्हरचा पत्ता आणि त्याची पब्लिक की (सर्व्हरची ओळख पटवणारी लांबलचक अक्षरं) प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ॲपमध्ये नेटवर्कच्या सेटिंगला भरायची. पहिल्या खेपेला हे काम तुम्ही स्वतः जाऊन करा, फोनवर ती अक्षरं सांगत बसू नका.

क्रोम रिमोट डेस्कटॉप जोडीला असू द्या. बारा आकडी कोडवर चालतं. साध्या कामाला पुरतं.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीच्या कॉम्प्युटरवर जोडून घेता येत नाही. प्रोवर येतं, पण त्यासाठी ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. असले पोर्ट शोधणारे चोर रात्रंदिवस फिरत असतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं होतं, की चोर लोकांना एनीडेस्क टाकायला लावून यूपीआयवरून पैसे काढतात. तेव्हापासून लोक बिचकतात आणि त्यांनी बिचकावंच. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी स्पष्ट सांगून ठेवलंय: मी आपणहून फोन करून कधीच आत येणार नाही, तुम्ही बोलावलं तरच येणार. माझं नाव सांगून कुणी कोड मागितला तर फोन ठेवा आणि दुकानाच्या नंबरवर लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

ॲप गुगलवर शोधायला सांगू नका, वरच्या जाहिरातीत बनावट साइट असू शकते. मूळ साइटची लिंक तुम्हीच व्हॉट्सॲपवर पाठवा. जोडण्याआधी नेटबँकिंग बंद करायला आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) काढून ठेवायला सांगा. टॅलीला हात लावायचा असेल तर आधी बॅकअप. आणि वहिनी एकट्याच कॉम्प्युटरवर असतील तर जोडणी कुठून तोडायची ते त्यांना पहिल्यांदा दाखवा, एकदा त्यांच्याच हातानं तोडून घ्या, मग परत जोडून कामाला लागा.